वैमानिकाची दुसरी शाळा

देवळाली म्हटलं की तोफखान्याची शाळा आठवते. हिंदुस्थानातल्या लष्करी अधिकाऱ्यांचं स्टाफ कॉलेज १९०५ साली याच गावात सुरू झालं, हे मात्र खुद्द नाशिककरांनाही फारसं ठाऊक नसतं. दोन वर्षांनी ते क्वेट्ट्याला हललं. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेलं आणि आपल्या वाट्याला आलेल्या अधिकाऱ्यांनी निलगिरीच्या डोंगरात, वेलिंग्टनला, नव्याने संसार मांडला. १९४८ मध्ये तिथला पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे हवाई दल आणि नौदलाचे विभाग जोडले गेले आणि आजचं डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज आकाराला आलं. त्याच्या मानचिन्हावर घुबड आहे. आपल्याकडे या पक्ष्याला कुणी दारात उभं करत नाही, पण वेलिंग्टनहून बाहेर पडलेले अधिकारी स्वतःला अभिमानाने ‘आउल’ म्हणवतात.

हवाई दलाचा अधिकारी इथे पोचतो तेव्हा त्याची साधारण दहा-बारा वर्षं सेवा झालेली असते. प्रवेशपरीक्षा देऊन तो आलेला असतो. लढाऊ वैमानिक असेल तर तोवरचं त्याचं सगळं शिक्षण सेकंदाच्या हिशेबाने झालेलं असतं: बघ, ठरव, वळ. आता त्याला जवळपास पंचेचाळीस आठवडे टेबलाशी बसवतात. शेजारी पायदळातला मेजर, समोर पाणबुडीवरचा अधिकारी, कोपऱ्यात एखाद्या मित्रदेशाचा पाहुणा. सगळ्यांपुढे एकच नकाशा आणि एकच काल्पनिक युद्ध. शत्रूच्या पुलावर विमानं पाठवायची की धावपट्टीवर? इंधन किती, दारूगोळा कुठून येणार, हवामान बिघडलं तर काय? प्रत्येक उत्तर कारणांसह लिहून काढायचं आणि मग सहकाऱ्यांच्या माऱ्यापुढे टिकवून दाखवायचं. शेवटी मद्रास विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी मिळते, पण तिच्यासाठी कुणी इथे येत नाही. पुढच्या बढतीची वाट इथून जाते, हे खरं आकर्षण.

वेलिंग्टनच्या आधीची आणि नंतरची पायरी थोडक्यात सांगतो. बरेच जण सतराव्या-अठराव्या वर्षी पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत येतात, तीन वर्षं तिन्ही दलांच्या मुलांबरोबर काढतात आणि मग हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाच्या अकादमीत जातात. वेलिंग्टननंतर निवडक जणांना सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ एअर वॉरफेअरमध्ये हायर एअर कमांड कोर्स. पन्नाशीच्या आसपास, एअर कमोडोर झाल्यावर, मोजक्यांना दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज. १९६० मध्ये सुरू झालेली ही संस्था लंडनच्या इम्पीरियल डिफेन्स कॉलेजच्या धर्तीवर उभी राहिली. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये सूत्रं हाती घेण्याआधी त्या लंडनच्या कॉलेजातच शिकायला गेले होते.

एवढं शिकवून होतं काय? उत्तर युद्धात सापडतं.

१ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. लष्कराला विमानं हवी होती आणि दुपारी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी परवानगी दिली, तीही काही मिनिटांत. संध्याकाळी पठाणकोटहून जुनाट व्हॅम्पायर विमानं उडाली. त्यांतली चार परतली नाहीत. वैमानिकांच्या धाडसात काही कमी नव्हतं. दोन दलांनी आधी एकत्र बसून आराखडाच केला नव्हता. त्या वेळी उपप्रमुख असलेल्या पी. सी. लाल यांना ही गोष्ट खुपली. १९६९ मध्ये प्रमुख झाल्यावर त्यांनी लष्कराच्या मुख्यालयांशेजारी हवाई दलाची माणसं बसवली, नियोजन एकत्र आणलं. १९७१ च्या पूर्व आघाडीवर मेघना नदीपलीकडे हेलिकॉप्टरने सैनिक उतरले, टांगाइलला छत्रीधारी उतरले, त्यामागे ही बैठक होती.

शिकलेलं विसरलंही जातं. १९९९ च्या मे महिन्यात कारगिलला लष्कराने हेलिकॉप्टरं मागितली. तेव्हाचे हवाई दलप्रमुख अनिल टिपणीस यांचं म्हणणं होतं की त्या उंचीवर हेलिकॉप्टर सोपं सावज ठरेल आणि हवाई बळ वापरायचं तर आधी सरकारची संमती हवी. दोन्ही दलांत कुरबुर झाली. २६ मे रोजी हल्ले सुरू झाले. २७ तारखेला दोन लढाऊ विमानं गेली, २८ला एक एमआय-१७ त्यातल्या चौघांसह पडलं. त्यानंतर हवाई दलाने जे केलं ते मला कुठल्याही विजयापेक्षा महत्त्वाचं वाटतं: पद्धतच बदलली. सशस्त्र हेलिकॉप्टरं मागे घेतली, विमानं खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर नेली, मिराज-२००० वर लेझरने वाट दाखवलेले बॉम्ब चढवले. १७ जूनला मुंथो ढालोचा रसदतळ, २४ जूनला टायगर हिल. चूक दिसताच उत्तर बदलण्याची ही सवय शाळेत लागायला हवी.

आणि इथेच आपल्या शाळांची दुखरी नस आहे. सैन्यात ‘पीसीके’ हा शब्द सर्रास चालतो: प्रीव्हियस कोर्स नॉलेज. म्हणजे गेल्या तुकडीने मागे ठेवलेली उत्तरं. आपल्या दहावी-बारावीच्या गाइडचं हे गणवेशातलं भावंड. प्रशिक्षकाला कुठलं उत्तर मान्य होईल ते आधीच कळलं की वेगळा विचार करण्याचा धोका कोण पत्करेल? विशेषतः निकालावर बढती अवलंबून असताना! मूळचे नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी हवाई दलप्रमुख असताना, २०२२ मध्ये, १५ आठवड्यांचा वॉरफेअर अँड एरोस्पेस स्ट्रॅटेजी प्रोग्रॅम सुरू झाला. वाचन, इतिहास, स्वतःचा युक्तिवाद यांवर त्यात भर आहे. पाऊल छोटं आहे, दिशा बरोबर आहे.

दुसरी अडचण रचनेची. खडकवासल्यात एका मेसमध्ये जेवलेली मुलं नंतर आपापल्या दलात पांगतात आणि तिशी उलटल्यावर वेलिंग्टनला पुन्हा एका वर्गात येतात. मधली दशकभराची फट फार महाग पडते. २०२० पासून संरक्षणदल प्रमुख हे पद आहे, तिन्ही दलांच्या एकत्रित कमांडची चर्चा आहे. पण त्या कमांडमध्ये बसणाऱ्या माणसांना एकत्र विचार करायला शिकवणारं विद्यापीठ अजून नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने त्याची शिफारस केली. मे २०१३ मध्ये गुरुग्रामजवळ बिनोला इथे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कोनशिलाही बसली. त्या विद्यापीठाचा कायदा संसदेने अद्याप मंजूर केलेला नाही.