डोंगराची अट

दिवाळी सरली, रानातले गवत पिवळे पडू लागले, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बारी गावची वाट माणसांनी फुलते. अकोले तालुक्यातले हे गाव कळसूबाईच्या पायथ्याशी आहे. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या असल्यामुळे मंडळी मुलाबाळांसह वर जातात, देवीचे दर्शन घेतात. आणि उतरताना एखाद्या तरुणाच्या मनात येते, आता आफ्रिकेतले किलिमांजारो!

मनसुबा वाईट नाही. पायांची आणि दमाची पारख कळसूबाईवर चांगली होते. पण टांझानियातले ते शिखर ५८९५ मीटर उंच. साडेतीन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी ते थोडे वरच राहील! नेहमीच्या वाटेवर दोर लावून कडे चढावे लागत नाहीत, आणि इथेच माणूस फसतो. खरी अडचण हवेत आहे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. अडीच हजार मीटरच्या वर अनेकांचे डोके दुखू लागते, मळमळते, झोप उडते. तरीही पुढे रेटले, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून जिवावर बेतते. हा धडा कळसूबाईवर मिळत नाही. तेवढी तिची उंचीच नाही.

विरळ हवेला शरीर सरावते, पण सवडीने. तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. तिथले वाटाडे सारखे ‘पोले पोले’ म्हणतात. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘हळूहळू’. रजा आणि पैसा वाचवायला दोन दिवस कमी करणे म्हणजे नेमके हेच न ऐकणे.

कळसूबाईची एक कथा सांगतात. कळसू ही कोळ्याची मुलगी पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली. अट एवढीच, की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी ती अट मोडली. कळसूने सांगितलेले काम निमूटपणे उरकले, आणि ती डोंगरावर निघून गेली ती कायमचीच.

उंच डोंगराचीही अशी अट असते, आणि ती मोडली तर तोही हुज्जत घालत नाही. मराठीत आपण शिखर ‘सर’ करतो; शब्द किल्ल्यांच्या लढायांतला. पण डोंगर कोणाला शरण येत नाही. ३ ऑक्टोबर १८८९ रोजी हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर किलिमांजारोच्या ज्वालामुखीच्या काठापर्यंत पोहोचले, थकले, आणि माघारी फिरले. विश्रांती घेऊन ६ तारखेला पुन्हा निघाले, तेव्हा माथा गाठला.

आपल्या घरातले कोणी निघाले असेल, तर त्याच्या पिशवीत लाडू-चिवडा जरूर भरा. पण आधी एक वचन मागून घ्या. वाटाड्या जिथे ‘उतरा’ म्हणेल, तिथून तो उतरेल.