कुटुंबवैद्य व तरुण रुग्ण

कुटुंबातील सर्व पिढ्यांवर सामान्य उपचार करणाऱ्या वैद्यास कुटुंबवैद्य किंवा फॅमिली डॉक्टर म्हणतात. रुग्णाची प्रकृती व घरची परिस्थिती ठाऊक असल्याने त्याचे निदान सुकर होते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन यांसारख्या रायगड किनाऱ्यावरील लहान गावांत मात्र हीच ओळख तरुणांना अडचणीची ठरते. ताप, जुलाब वा दुखापत झाल्यास ते निःसंकोच जातात. मासिक पाळी, लैंगिक शंका, नैराश्य, व्यसन यांविषयी बोलणे टाळतात. बोललेले घरी पोहोचेल ही धास्ती अगदीच निराधार नव्हे. दवाखान्यात बसलेली शेजारीणही त्यास पुरेशी असते. मग औषधाचे दुकान किंवा मुंबईतील अनोळखी डॉक्टर गाठला जातो आणि उपचार लांबतात.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षे वयोगटासाठी समुपदेशनाची सोय आहे. गोपनीयता हे वैद्याचे कर्तव्यच होय; तथापि अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या लैंगिक संबंधांची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने त्यास बंधनकारक आहे. गर्भपाताच्या प्रकरणी मुलीच्या व पालकांच्या विनंतीवरून तिची ओळख न देण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिली. परंतु अशा गर्भपातास पालकांची लेखी संमती लागतेच. त्यामुळे ज्या घरापासून गोष्ट लपवावयाची, ते टळत नाही.