नकारापासून सुरू होणारे धर्म

डिसेंबर आला की चिंचवड गावात मोरया गोसावींच्या संजीवन समाधी महोत्सवाच्या कमानी उभ्या राहतात. २५ तारखेला देहूरोडच्या धम्मभूमीकडे निळे झेंडे लावलेल्या गाड्यांची रीघ लागते. त्याच दिवशी पिंपरीतल्या चर्चमध्ये नाताळची गर्दी असते. मग ‘सर्वधर्मसमभावाची उद्योगनगरी’ असा मथळा ठरलेला, आणि मथळ्याशेजारी ठरलेली चौकट: धर्म, संस्थापक, ग्रंथ, मुख्य श्रद्धा, सण. स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्येही हेच पाच रकाने असतात. यातल्या चौथ्या रकान्याशी माझं जुनं भांडण आहे.

तो रकाना चिंचवडमध्येच अडतो. पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. ते जिवंतपणी गुहेत बसले आणि पुत्र चिंतामणींनी वर शिळा बसवली, असं परंपरा सांगते. मोरगावला कऱ्हेत स्नान करताना त्यांच्या ओंजळीत आलेला गणपतीचा तांदळा मंगलमूर्ती वाड्यात आहे. भाद्रपदात आणि माघात वाड्यातून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. या परंपरेत गणपती हा शंकराचा मुलगा म्हणून दुय्यम नाही, तोच परब्रह्म. शिवाय मोरयांपासून पुढे सात पिढ्या या घराण्यातला कर्ता पुरुष म्हणजे साक्षात गणपतीचा अवतार, असं मानलं गेलं. घराण्याचं आडनावच ‘देव’ झालं.

आता ‘हिंदू धर्म: मुख्य श्रद्धा’ या रकान्यात हे कुठं बसवायचं? कर्म, पुनर्जन्म, मोक्ष असं लिहून गाइडवाला मोकळा होतो. पण मोरगावच्या वाटेवर पालखीमागे चालणाऱ्या बाईला यातलं काही विचारून पाहा. ती सासूबाईंनी घालून दिलेली चतुर्थी सांगेल, मोक्षाचं नाव काढणार नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी एडवर्ड मूर १८०० साली चिंचवडला आला, तेव्हा तो या जिवंत देवाने इतका चक्रावला की त्याने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये त्यावर लेखच लिहिला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज लेखिका आली. तिला ओसरीवर, साध्या लाकडी बैठकीवर बसलेला एक माणूस दिसला. भोवतालच्या ब्राह्मणांपेक्षा वेगळं काही असेल तर डोळ्यांतली विलक्षण झाक, आणि ती अफूची असं तिच्या कानावर आलेलं. बाईंची निराशा झाली. देव पाहायला आलेल्या माणसाला दैवी काहीतरी दिसायला हवं होतं. भक्तांची तशी काही अट नव्हती.

पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, सातवे देव निपुत्रिक वारले आणि अवताराची सरळ रेषा संपली. श्रद्धेच्या कलमांवर उभा असलेला पंथ अशा वेळी कोसळायला हवा. इथं पालखी निघायची ती निघतच राहिली. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८९ साली या घराण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा विषय आहे इनामं, गावांवरचे हक्क, वारशाचे तंटे आणि बदलत्या सत्तांशी देवांनी राखलेलं नातं. धर्माचा खरा इतिहास वाचायचा तर मोडी कागदांचे रुमाल सोडावे लागतात, हे त्यातून पटतं. आजही मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक ही अष्टविनायकांतली तीन ठाणी चिंचवड देवस्थानाच्याच व्यवस्थेत आहेत.

मग ‘मुख्य श्रद्धांची यादी’ हा प्रकार आला कुठून? विल्फ्रेड कँटवेल स्मिथ हे कॅनेडियन अभ्यासक १९४०च्या दशकात लाहोरला शिकवत होते. पुढे त्यांनी असं मांडलं की ‘हिंदुइझम’, ‘बुद्धिझम’ अशी सीलबंद नावं अगदी अलीकडची आहेत. माणसाजवळ असते ती त्याची निष्ठा, आणि पिढ्यान्‌पिढ्या साचत आलेली परंपरा. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. सगळ्याच याद्या बाहेरच्या अभ्यासकांनी केलेल्या नाहीत. काही धर्मांनी त्या स्वतःच्या हाताने केल्या, आणि त्यांत एक गंमत आहे: जवळपास प्रत्येक यादी नकारापासून सुरू होते.

ख्रिस्ती श्रद्धेचा जाहीरनामा इ. स. ३२५ मध्ये निकिया इथल्या परिषदेत ठरला. निमित्त होतं एरियस नावाच्या धर्मगुरूचं. येशू हा देवाने निर्माण केलेला आहे, असं तो शिकवत असे. त्याला बाहेर काढायचं म्हणून ‘आम्ही काय मानतो’ हे शब्दांत बांधावं लागलं. इस्लामचा शहादा घ्या. त्याचा आरंभच नकाराचा आहे: अल्लाहशिवाय दुसरा कोणी पूजनीय नाही. पाच स्तंभांपैकी तोंडाने म्हणायचा तेवढा हाच एक. नमाज, रोजा, जकात आणि हज ही चारही कामं आहेत. त्यांना शरीर लागतं, वेळ लागतो, पैसा लागतो.

आणि आपल्या शेजारचं देहूरोड. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. पंढरपूरचा विठोबा ही मुळात बुद्धाचीच मूर्ती आहे आणि आपण हे लिहून सिद्ध करणार आहोत, असंही त्यांनी त्या वेळी सांगितलं. तेही कुठं, तर तुकोबांच्या देहूच्या शिवेवर! त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारताना बावीस प्रतिज्ञा झाल्या. पहिली ब्रह्मा-विष्णू-महेश नाकारते, दुसरी राम-कृष्ण. तिसरी गौरी-गणपती. म्हणजे मोरयांच्या समाधीपासून काही किलोमीटरवर असं एक तीर्थ आहे, जिथे येणाऱ्यांच्या प्रतिज्ञेत गणपतीला न मानणं लेखी आहे. ‘सर्वधर्मसमभावा’च्या बातमीत हे कधी छापून येत नाही, कारण त्याने चौकट बिघडते.

माझा मुद्दा एवढाच की ज्याला काही सोडून निघायचं असतं, त्याला यादी लागते. जो वारशात बसलेला आहे, त्याला लागत नाही. म्हणून चौथा रकाना बौद्धांना नेमका बसतो आणि गाणपत्यांना बसत नाही.

इथं एक सुखद निष्कर्ष हाताशी येतो: यादी नसलेला धर्म उदार, यादीवाला कडवा. तो सपशेल खोटा आहे. आपल्याकडे कुणी काय मानावं याला मोकळीक होती. कुणी कुठवर यावं याला नव्हती. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. मंदिराच्या दारात श्रद्धा कधी तपासली गेली नाही, जात तपासली गेली. बावीस प्रतिज्ञांमधले नकार कडवटपणातून आलेले नाहीत, ते या दाराला दिलेलं उत्तर आहेत.

यादी उशिरा येऊन पोचली की काय होतं, तेही पाहा. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेला सिंधी समाज झूलेलाल आणि गुरू नानक दोघांनाही आपलं मानत आला. पण जानेवारी २०२३ मध्ये इंदूरला सिंधी दरबारांमध्ये मूर्तींशेजारी गुरू ग्रंथसाहेब ठेवण्यावर मर्यादाभंगाचा आक्षेप आला, आणि तिथल्या दरबारांनी पवित्र बीडा, म्हणजे ग्रंथसाहेबाच्या प्रती, गुरुद्वाऱ्यांकडे सोपवल्या. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेलं चौकटीच्या रेघेने दोन भागांत गेलं.

शहराचा खरा धर्म बघायचा असेल तर खंडेनवमीला भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या शॉपमध्ये जावं. सीएनसी मशिनच्या पॅनेलवर कुंकवाची बोटं उमटलेली असतात, झेंडूची माळ इमर्जन्सी बटणाला लागू नये म्हणून बाजूला बांधलेली असते, नारळ फुटतो आणि पेढे सगळ्यांच्या हातावर पडतात. त्याआधी १७ सप्टेंबरला बिहारी आणि बंगाली कामगारांनी त्याच मशिनला विश्वकर्मा म्हणून हात जोडलेले असतात. कुणी म्हणेल, इथं यादीशिवाय सगळे एकत्र आहेत. मान्य. पण ओवाळायला पुढे कोण असतं, नारळ कोण फोडतो आणि कंत्राटी पोरगा कुठं उभा असतो, हेही तिथं नीट बघून घ्यावं.

म्हणून पुढच्या चौकटीत चौथा रकाना खुशाल ठेवा, पण त्याला सहावा जोडा: ‘आत कुणाला घेतलं, बाहेर कुणाला ठेवलं.’ तो भरताना मोरयांच्या चिंचवडला, निकियाच्या बिशपांना आणि आपल्या शॉपलाही सारखाच घाम फुटेल, आणि धर्मांची खरीखुरी तुलना तिथून सुरू होईल.