चिचुंद्री आणि हंसराज : तुलनेचा एक पाठ

पोटाच्या पिशवीत पिले वाढविणाऱ्या प्राण्यांचा पाठ आला, की मुले कांगारूचे नाव पाठ करतात व विषय तेथेच संपतो. हे शिशुधानी प्राणी ऑस्ट्रेलिया, लगतची बेटे व अमेरिका खंड येथले; भारतात ते निसर्गतः आढळत नाहीत. परंतु पाठाचे मर्म नावात नसून एका प्रश्नात आहे : कोवळ्या जिवाचे पोषण कोण करते? त्याचे उत्तर बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरील गावी घराच्या अडगळीत व जांभ्याच्या गडग्यावर मिळू शकते.

शुगर ग्लायडर हा लहान शिशुधानी प्राणी. त्याचे पिलू सुमारे 16 दिवसांतच जन्मते. वजन अवघे 0.2 ग्रॅम, पुढे सुमारे 70 दिवस ते पिशवीत दूध पिऊन वाढते. चिचुंद्रीला पिशवी नसते. तिचे पिलू सुमारे 30 दिवस उदरात वाढते, तरीही जन्मतः आंधळे व केसहीन असते. जागा बदलताना एक पिलू आईला मागून तोंडाने धरते, दुसरे पहिल्याला, आणि अशी रांग चालू लागते.

हंसराज हा नेचा पावसाळ्यात ओलसर भिंतींवर उगवतो. त्याला फूल नाही, बीही नाही. पानाच्या दुमडलेल्या कडेखाली बीजुककोश असतात. एकेकात बहुधा 64 बीजुके. ती वाऱ्यावर जातात. त्यांची राखण कोणी करीत नाही. ओलाव्यात रुजलेल्या बीजुकापासून नखाहून लहान, हिरवा पूर्वकायक होतो. त्यावर पाण्याचा थर असेल तरच नरपेशी पोहत जाऊन स्त्रीपेशीस मिळते. त्यातून निघालेला अंकुर स्वतःचे मूळ व पान येईपर्यंत पूर्वकायकावरच पोसला जातो. शिवाय हंसराजाच्या पानाचे टोक मातीस टेकले, की तेथेही नवे रोप धरते.

म्हणजे एकीकडे मोजकी पिले व पुष्कळ जपणूक, तर दुसरीकडे असंख्य बीजुके व अल्प आधार. हे साम्य नात्याचे नव्हे, गरजेचे आहे, हे शिक्षकांनी स्पष्ट करावे.

या पाठाचा व्यवहारातही उपयोग आहे. उंदीर समजून चिचुंद्री मारली जाते. वस्तुतः ती उंदराच्या गणातली नाही. तिचे तोंड लांब व टोकदार असते आणि ती झुरळे व इतर कीटक खाते. मुलांनी ती हाताळू नये, दुरूनच पाहावी. हंसराजाचे पान मात्र वर्गात आणून त्याची मागील कड दाखवावी. त्यासाठी मुलांना विहिरीच्या काठाशी पाठवू नये. जो मुलगा पान उलटून पाहील, त्याला व्याख्या पाठ करावी लागणार नाही.