एक गोटी, एक घंटी

गोटी म्हटले की आपल्याला उन्हाळ्याची सुटी आणि अंगणातला डाव आठवतो. पण पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या चिमुकल्या देशात गोट्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडले गेले आहेत!

बहुसंख्य मतदार निरक्षर असताना, 1960 च्या दशकात, ही पद्धत तिथे आली. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचे वेगळे पिंप, त्यावर त्याचा रंग आणि छायाचित्र. मतदाराने हातातली एकुलती एक काचेची गोटी हव्या त्या पिंपाच्या नळीत सोडायची. आत घंटी वाजते. ती दोनदा वाजली, की बाहेरच्या अधिकाऱ्याला लबाडी कळते. घंटीचा घोटाळा नको म्हणून केंद्राजवळ सायकलींनाही मज्जाव! मोजणी खळग्यांच्या तबकात होते. आपल्याकडेही 1951-52 मध्ये प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

पण पिंप प्रामाणिक असले म्हणून राज्यकर्ता प्रामाणिक असतोच असे नाही. याह्या जामेह 1994 मध्ये लष्करी बंडातून सत्तेवर आले. पुढे घटना आली, निवडणूक आयोग आला. मात्र आयोगाचे सदस्य नेमणार राष्ट्राध्यक्षच. तरीही डिसेंबर 2016 मध्ये आयोगाचे अध्यक्ष अलियू मोमार न्जाय यांनी जाहीर केले, की अदामा बॅरो विजयी. जामेह यांनी पराभव मान्यही केला.

मग बेरजेतली एक चूक सापडली. आयोगाने ती न लपवता सुधारली. बॅरो यांची आघाडी सुमारे 51 हजारांवरून 19 हजारांवर आली. निकाल मात्र तोच राहिला. जामेह यांनी 9 डिसेंबरला याच चुकीवर बोट ठेवून निकाल फेटाळला. आयोगाच्या कचेरीचा ताबा सैनिकांनी घेतला. दाद मागायची तर सर्वोच्च न्यायालयात पुरेसे न्यायाधीशच नव्हते! अखेर 19 जानेवारी 2017 रोजी बॅरो यांनी शेजारच्या सेनेगलमधील डकार येथे, आपल्याच देशाच्या वकिलातीत शपथ घेतली. शेजारी देशांचे सैन्य सीमा ओलांडून आत आले, तेव्हा कुठे 21 जानेवारीला जामेह देश सोडून गेले.

डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा गोट्याच वापरल्या गेल्या आणि बॅरो पुन्हा निवडून आले.

मतदानाचे साधन साधे असो वा आधुनिक, ते मत फक्त नोंदवते. ते मत राखतात ती माणसे आणि संस्था. आपली चूक उघडपणे कबूल करणारा आयोग आणि रिकामे न ठेवलेले न्यायालय नसेल, तर घंटी कितीही खणखणीत वाजो, सत्तेच्या कानी ती पडत नाही.