काम चालू, गाडी हळू!

लाल किनारीचा त्रिकोण आणि आत फावडं घेऊन वाकलेला माणूस. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत ही पाटी आपण सगळ्यांनी बरोबर ओळखलेली असते. माणसं कामावर आहेत, एवढाच तिचा अर्थ. पण खरं सांगा, रस्त्यावर ती दिसली की तुमचा हात ॲक्सिलेटरवरून सैल होतो का?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न रोजचाच आहे. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या बाजूने ४४ क्रमांकाचा नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेडवरून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. कुठे खड्डे बुजवणं, कुठे डांबराचा नवा थर, कुठे पांढरे पट्टे मारणं, काही ना काही सुरूच असतं. गावातून कॉलेजला बाइकने येणारे तुम्ही आणि गिट्टीचं घमेलं उचलणारी ती बाई यांच्यामध्ये कधीकधी फक्त दोन-तीन फुटांचं अंतर असतं.

गणित अडीच सेकंदांचं

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसणं, डोक्यात शिरणं आणि ब्रेक दाबणं, यासाठी आपल्याकडे रस्त्याची रचना करताना अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी ४० मीटरच्या पुढे गेलेली असते. म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या, आणि अजून ब्रेक लागलेलाच नाही! पूर्ण थांबण्यासाठी ६० च्या वेगाला साधारण ८० मीटर, ८० ला १२० आणि १०० ला १८० मीटर धरले जातात.

म्हणूनच मजुराच्या शेजारी उभी केलेली पाटी काही कामाची नाही. ती वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. पाटीचं काम आहे वेळ मिळवून देणं, तुम्हालाही आणि त्यालाही.

इंडियन रोड्स काँग्रेसने यासाठी ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शिकाच केली आहे. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग पडतात. आधी दुरून सूचना देणाऱ्या पाट्या, मग कोन किंवा ड्रम लावून वाहनांना हळूहळू बाजूला वळवणारा टप्पा, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी वाहनांना पुन्हा मूळ लेनमध्ये आणणारा टप्पा. वेग जितका जास्त, तितकी पहिली पाटी लांब.

फांदी, दगड आणि रेडियम

प्रत्यक्षात काय दिसतं? चुना फासलेले चार दगड, झाडाची एखादी फांदी, काठीला बांधलेलं लाल फडकं. दिवसा ठीक. रात्री काळ्या डांबरावर हे कोणाला दिसणार? आपण सरसकट ज्याला ‘रेडियम’ म्हणतो, तो कागद हेडलाइटचा उजेड परत चालकाच्या डोळ्यांकडे फेकतो. मजुराच्या जॅकेटवरचा पट्टाही तेच करतो. पण धुळीने माखला की तोही आंधळाच.

दुसरी गडबड उलटी आहे. काम संपून महिना झाला तरी पाटी तिथेच. मग ‘लांडगा आला रे आला’ होतं. दहा वेळा खोटी ठरलेली पाटी अकराव्यांदा कोण मानेल?

आणि धोका फक्त कामाच्या तासांत नसतो. २ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात वडनेर भोलजीजवळ महामार्गालगतच्या शेडमध्ये झोपलेल्या मजुरांवर ट्रक आला. मेळघाटातून महामार्गाच्या कामासाठी आलेली ती माणसं. काही जण झोपेतच गेले. मजूर जिथे झोपतात, तीही कामाचीच जागा समजायला हवी.

कायदा काय म्हणतो?

वाहतुकीची चिन्हं पाळणं हे मोटार वाहन कायद्याच्या ११९ व्या कलमाने चालकाचं कर्तव्य आहे. पण जबाबदारी एकट्या चालकाची नाही. २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम आणि देखभाल यांत सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणाला अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तुमच्या हातात काय?

- पाटी दिसली की तिथेच वेग कमी करा. माणूस दिसेपर्यंत थांबू नका.
- कामाच्या पट्ट्यात ओव्हरटेक नको आणि फोन तर नकोच.
- रात्री डिपरवर या. अप्परच्या झोताने झेंडीवाल्याचे डोळे दिपतात.
- कोन उचलून होस्टेलच्या रूमवर नेणं ‘भारी’ वाटत असेल, तर त्याच्या मागे कोण उभं होतं ते आठवा.
- राष्ट्रीय महामार्गावर काम सुरू आहे पण पाटी नाही? १०३३ वर फोन करा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.
- यवतमाळ-पुसदच्या सिव्हिलवाल्यांनो, पुढच्या साइट व्हिजिटला डांबराच्या जाडीसोबत पहिली पाटी किती मीटरवर आहे तेही मोजा. उद्या त्या साइटवर इंजिनीअर तुम्हीच असणार आहात.

ब्रेक दाबल्याने आपली फार तर दोन मिनिटं जातात. पाटीवरच्या माणसाला चेहरा नाही, पण रस्त्यावरच्या माणसाची संध्याकाळी घरी कोणीतरी वाट पाहत असतं.