चिखलांतील श्वास

कमळ चिखलांत उगवतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या चिखलांत तें श्वास कसा घेतें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. एक लिटर हवेंत सुमारें २१० घनसेंटिमीटर प्राणवायु असतो; २५ अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत तो जेमतेम ६ घनसेंटिमीटर विरघळतो, आणि तळच्या चिखलांत तर जवळजवळ नसतोच. कुंडींत पाणी तुंबलें म्हणजे गुलाबाचीं मुळें गुदमरतात, तीं ह्याच कारणानें.

कमळानें ह्यावर योजिलेला उपाय स्वयंपाकघरांतहि पाहावयास मिळतो. कमळकाकडी आडवी कापिली म्हणजे चकतींत वाटोळीं छिद्रें दिसतात. ह्याच त्याच्या वायुनलिका. त्या देंठांतून थेट पानापर्यंत जातात. जमिनीवरील बहुतेक झाडांचीं श्वासरंध्रें पानाच्या खालच्या बाजूस अधिक असतात. कमळाचीं मात्र वरच्या बाजूस असतात. तीं बुजूं नयेत म्हणून पानावर सूक्ष्म उंचवटे व मेणाचा लेप असतो. कवींना अलिप्तता शिकविणारा तो जलबिंदु ह्यामुळेंच घरंगळतो. उन्हानें पान तापलें कीं आंतील हवेचा दाब वाढून ती देंठांतून खालीं लोटली जाते आणि चिखलांतील खोडास प्राणवायु पोंचवून पानाच्या मध्यावरील मोठ्या रंध्रांतून बाहेर पडते.

सर्वस्वीं बुडालेल्या वनस्पतींची तऱ्हा निराळी. पाणीच त्यांस उभें धरितें. म्हणून त्यांस कठीण खोडाची गरज नसते. पानें फितीसारखीं व पातळ असून विरघळलेले वायु तीं अंगानेंच शोषितात. अडचण येते ती फुलांची. कारण पराग भिजल्यास बहुधा निकामी होतो. वॅलिस्नेरिया ह्या वनस्पतीचीं इवलीं नरफुलें तळाशीं देंठापासून सुटून वर येतात, उमलतात आणि होडीसारखीं तरंगत लांब देंठाच्या मादीफुलास जाऊन भिडतात. मीलन होतांच तो देंठ मळसूत्रासारखा वळून फळास पाण्याखालीं ओढून घेतो.

हींच साधनें परक्या पाण्यांत अनर्थहि करितात. दक्षिण अमेरिकेंतून आलेली जलपर्णी फुगीर, वायुयुक्त देंठांवर तरंगते. सांडपाण्यावर पोसून ती तलावावर दाट पसरली म्हणजे खालचें ऊन तुटतें, हवा पाण्यांत मिसळेनाशी होते आणि मासे गुदमरतात. तिचीं बीजें गाळांत कित्येक वर्षें टिकतात. एखादें रोप मागें राहिलें तरी त्यास नवे फुटवे येतात. यास्तव ती फुलण्यापूर्वीं समूळ काढणें व सांडपाणी अडविणें, हींच तलाव वांचविण्याचीं साधनें होत.